गैरहजर शेरा : घरातील पहिल्या पदवीधर मुलीचे एक प्रकरण

राजापूर तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील एका गावातून आलेली ही विद्यार्थिनी २०२४ साली रसायनशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. झाली. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, अशा दोन्ही घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. सध्या ती खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. २०२३ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, तिचे शिक्षण थांबल्यातच जमा होते. त्या वेळी तिच्याकडे फीचे पैसे होते, अभ्यासात ती मागे नव्हती आणि घरून कोणाचा विरोधही नव्हता. तरीही ती महाविद्यालय सोडून निघाली होती. हे कसे घडले, आणि ते घडण्याआधी कोणाच्या लक्षात का आले नाही, एवढाच या लेखनाचा विषय आहे.

हे प्रकरण तिच्या संमतीने लिहिले आहे. तिने जे सांगितले ते महाविद्यालयातील संबंधितांशी बोलून पडताळून घेतले आहे आणि तिची किंवा संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी याच पट्ट्यात उच्च माध्यमिक वर्गांना शिकवतो. बारावीनंतर आमची मुले कुठे जातात हे आम्हांला ठाऊक असते, तिथे गेल्यावर त्यांचे काय होते हे मात्र सहसा कळत नाही. ते कळावे म्हणून मी तिला बोलते केले.

घर

तिच्या पणजोबांची पिढी खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, कुळे म्हणून राबली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि कसत असलेल्या जमिनीचा काही तुकडा घराच्या नावावर आला, पण कातळ आणि वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन) वगळता भाताची जमीन इतकी थोडी, की वर्षाचे धान्यही त्यातून पुरे पडत नसे. आजोबा म्हणून मुंबईला गिरणीत लागले. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरांप्रमाणे हेही घर मनिऑर्डरवर चालले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती मनिऑर्डर बंद पडली आणि आजोबा लालबागची खोली सोडून गावी परतले. वडिलांची शाळा नववीत सुटली, ती त्या ओढगस्तीतच.

वडील आज एका बागायतदाराच्या हापूसच्या कलमांची राखण करतात. मोहोर येण्याआधीच्या फवारणीपासून मे अखेरच्या शेवटच्या तोडणीपर्यंत सारे काम त्यांच्याकडे असते. हंगामाच्या सुरुवातीला ते बागायतदाराकडून उचल घेतात आणि हंगाम संपल्यावर हिशेब होतो. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. सोललेल्या गराच्या वजनावर तिची मजुरी ठरते आणि काजूच्या चिकाने तिच्या बोटांची कातडी वर्षभर सोलवटलेली असते. पावसाळ्यात घरची भातलावणी, पुढे कापणी, झोडणी. या मुलीची बी.एस्सी.ची तिन्ही वर्षांची फी वडिलांच्या उचलीतून भरली गेली. पुढच्या घटनांचा अर्थ लागण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

घराला शिक्षणाचे वावडे होते असे कोणी समजू नये. दहावी-बारावीच्या निकालांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. त्या निकालामागे अशीच घरे उभी आहेत. तिची दहावी झाली तेव्हा गावच्या मुंबईतील मंडळाने गणपतीच्या दिवसांत गुणगौरव समारंभ घेऊन तिचा शाल, वह्या आणि रोख बक्षीस देऊन सत्कार केला. आजोबा सदरा-धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले होते. शाळा म्हणजे काय, तिच्यात पुढे जायचे म्हणजे काय करायचे, हे घराला नीट कळत होते. गुरुजी सांगतील ते करायचे, रोज जायचे, अभ्यास करायचा आणि निकाल लागला की वरच्या वर्गात बसायचे. महाविद्यालयाचे गणित याहून वेगळे असते, हे मात्र सांगणारे कोणी नव्हते.

पदवीची पहिली दोन वर्षे

बारावी २०२१ ची. त्या वर्षी बोर्डाची लेखी परीक्षा झालीच नाही, तर दहावी, अकरावी आणि बारावीतील अंतर्गत गुण ३०, ३० आणि ४० टक्के या प्रमाणात धरून निकाल लागला. पदवीचे पहिले वर्ष सुरू झाले तेव्हा तासिका ऑनलाइन होत्या आणि गावात मोबाइलला रेंज नव्हती. ती आणि शेजारच्या वाडीतील दोन मुली रोज सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चढत, कारण तिथे एका ठरावीक जागी रेंज मिळे. ऑक्टोबरात महाविद्यालये उघडली, तोच नोव्हेंबरात एसटी कर्मचाऱ्यांचा संप लागला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. सहा आसनी रिक्षा आणि भाड्याची जीप यांवर मुलांनी ते महिने काढले. ज्यांना तेही परवडले नाही, त्यांनी त्या वर्षी नाव काढले. ती टिकली.

दुसऱ्या वर्षी गाडी रुळावर आली. गावात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची एसटी पहाटे सुटायची, तीत बसून ती सव्वा तासाने तालुक्याला उतरायची. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत असतो. पदवीला गेल्यावर ती सवलत संपते आणि विद्यार्थी पासाचे एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. रक्कम मोठी नसली तरी घराच्या दृष्टीने तो नवा खर्च होता, शिवाय परतीची शेवटची सोयीची गाडी साडेचारची. प्रात्यक्षिक लांबले तर ती अर्धवट आवरून निघायची. ग्रंथालयात बसणे, मित्रमैत्रिणींसोबत कँटीनमध्ये थांबणे, तास संपल्यावर प्राध्यापकांना गाठून शंका विचारणे, या साऱ्या गोष्टी साडेचारनंतरच्या असल्याने तिच्या वाट्याला आल्या नाहीत. विद्यापीठीय शिक्षणातील निम्मी माहिती वर्गाबाहेर, अशा रिकाम्या वेळात, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिला ती वेळच मिळाली नव्हती.

तरीही तिसऱ्या सत्राअखेर तिचे सर्व विषय सुटले होते आणि गुणही चांगले होते. इंग्रजीतून शिकण्याची अडचण अकरावी-बारावीत बरीचशी भागली होती. जर्नल वेळेवर पूर्ण असे. शिक्षक तिला शांत, कामसू विद्यार्थिनी म्हणून ओळखत. ‘शांत’ हा शेरा आपल्याकडे कौतुकाचा समजला जातो. शिक्षक म्हणून मला आता तो काळजीचा वाटू लागला आहे.

एप्रिलमधील एक दिवस

तिच्या अभ्यासक्रमात तेव्हा प्रत्येक विषयाला सत्राअखेरच्या लेखी परीक्षेचे ७५ आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २५ गुण असत. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के, म्हणजे लेखी परीक्षेत ३० आणि अंतर्गत मूल्यमापनात १० गुण मिळवावे लागत. लेखीत कितीही गुण मिळाले, तरी अंतर्गत राहिले की विषय राहिला. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयच घेत असे.

चौथ्या सत्राच्या वर्गचाचण्या एप्रिलमध्ये लागल्या. हंगाम ऐन भरात होता. चाचणीच्या दोन दिवस आधी वडील घळ (आंबे तोडायची जाळीची काठी) घेऊन कलमावर चढले असता फांदीवरून घसरले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. पाय प्लास्टरमध्ये गेला. बागेत तोडणी झालेला आंबा पडून होता आणि वाशी मार्केटला जाणारी गाडी चाचणीच्याच दिवशी संध्याकाळी येणार होती. आईने काजूच्या कारखान्यात खाडा केला असता तर ते काम दुसरीला गेले असते. धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत होता. बागायतदाराने दुसरा माणूस लावला असता, तर उचलीचा हिशेब वडिलांच्या अंगावर आला असता, आणि ती उचल तिच्या फीतच गेली होती.

तेव्हा ती मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बसली. तोडणीचे काम शेजारच्या दोन माणसांनी केले, निवड आणि भरणी तिने. देठ तुटलेला, चिकाचा डाग पडलेला आंबा बाजूला काढायचा, उरलेल्याची वजनाप्रमाणे प्रत लावायची, पेटीत तळाशी पेंढा घालून त्यावर एकेक थर देठ एका बाजूला ठेवून रचायचा, वर पुन्हा पेंढा आणि मग फळी ठोकायची. हे काम तिने लहानपणापासून पाहिलेले आणि हाताळलेले होते. गाडी अंधार पडताना निघाली. रसायनशास्त्राच्या एका पेपरची वर्गचाचणी त्याच सकाळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती महाविद्यालयात गेली आणि कार्यालयाच्या खिडकीवर चौकशी केली. सूचनाफलकावर लिहिले होते, की वैद्यकीय कारणाने गैरहजर राहिलेल्यांनी डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज करावा. तिने भाऊसाहेबांना विचारले, की आजारी मी नव्हते, वडील होते, तर चालेल का. मागे रांग होती. ‘गैरहजर म्हणजे गैरहजर,’ असे उत्तर आले. त्यात खोचकपणा नव्हता, घाई होती, हे ती आजही आवर्जून सांगते. ती बाजूला झाली आणि तो विषय तिच्यापुरता तिथे संपला.

त्याच चाचणीला वर्गातील आणखी एक विद्यार्थी गैरहजर होता. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरचे लग्न कुडाळला होते, म्हणून तो गेला नव्हता. वडिलांनी त्याच संध्याकाळी विभागप्रमुखांना फोन केला. काय करता येईल एवढेच विचारले. त्यांना सांगण्यात आले, की कारण योग्य असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा, म्हणजे परवानगी मिळाल्यावर पुन्हा चाचणी घेता येते. मुलाने ‘कौटुंबिक अडचण’ असे कारण लिहून अर्ज दिला आणि आठवड्याभरात त्याची चाचणी झाली. यात वशिला नव्हता, नियमबाह्यही काही नव्हते. त्या अर्जावर तिचे कारण कितीतरी अधिक वजनदार ठरले असते. अर्ज करता येतो, हे एका घराला ठाऊक होते आणि दुसऱ्याला नव्हते, एवढाच फरक. हे प्रकरण लिहावेसे वाटले ते या फरकामुळे.

निकाल आणि त्यानंतरचे दिवस

जूनमध्ये गुणपत्रक हाती आले. त्या विषयात लेखी परीक्षेचे ७५ पैकी ५१ गुण, अंतर्गतच्या रकान्यात गैरहजर, आणि शेवटी अनुत्तीर्ण. बाकीचे सर्व विषय सुटलेले. एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय मागाहून सोडवण्याच्या अटीवर वरच्या वर्गात बसण्याची मुभा, हा शब्द तिच्या कानावर होता, पण तो वर्गातल्या टवाळ मुलांच्या तोंडी ऐकलेला असल्याने तो आपल्याला लागू होतो असे तिला वाटलेच नाही. तिने शाळेचा हिशेब लावला, की नापास म्हणजे वर्ष गेले, आणि वर्ष गेले म्हणजे घराला आणखी एका वर्षाचा खर्च. तो मागण्याचा हक्क आपल्याला नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले.

घरी तिने काही दिवस सुट्टी आहे असे सांगितले. पुढे, लावणीच्या आवणात, एक विषय गेल्याचे तिने आईला आणि आईने वडिलांना सांगितले. वडील म्हणाले, ‘गेला तर गेला. आपल्या घरात एवढं कोण शिकलंय? पुष्कळ झालं.’ हे त्यांनी मायेने म्हटले होते. ओरडले असते, जाब विचारला असता, तर कदाचित ती कार्यालयात पुन्हा जाऊन भांडली असती. घराने तिला इतक्या समजूतदारपणे मोकळे केले, की परत जाण्याचे कारणच उरले नाही. पहिल्या पिढीच्या शिक्षणाविषयी बोलताना आपण घरच्या विरोधाचा विचार करतो. घरच्या समजुतीनेही मूल हातचे जाते, याचा विचार फारसा करत नाही. ज्या घरात मागच्या दोन पिढ्यांचे शिक्षण सातवी-नववीत संपले, तिथे पदवीचे दुसरे वर्ष हे आधीच शिखर असते. त्यापुढे काय राहिले, हे मोजण्याचे माप घराकडे नसते.

या काळात महाविद्यालयाकडून तिला कोणी विचारले नाही असेही नाही. विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक शिक्षक नेमण्याची पद्धत तिथे आहे आणि तिच्या मार्गदर्शक शिक्षिकेने निकालानंतर फोन करून ‘काही अडचण आहे का’ असे विचारले होते. ‘नाही मॅडम’ असे तिचे उत्तर नोंदवहीत आहे. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी ही अडचण नव्हतीच, निकालात निघालेली गोष्ट होती. ‘छापून आलं म्हणजे झालं, असं वाटलं. आमच्याकडे छापलेल्या कागदाशी कोणी वाद घालत नाही,’ असे ती म्हणते. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत गिरणीचे कागद आजही आहेत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरला होता, त्याचे पुढे काही कळले नाही आणि विचारायला कोणी गेले नाही. तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, बँकेच्या खिडकीवर, जे पहिल्यांदा सांगितले जाईल ते ऐकून परतायचे, तोंड वर करून पुन्हा विचारायचे नाही, ही या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. खोताच्या ओसरीवर ती रीत जीव वाचवणारी होती. महाविद्यालयाच्या खिडकीवर त्याच रीतीने मुलीचे दार बंद केले.

ग्रंथालयातील अनामत

जुलैच्या मध्यावर ती ग्रंथालयाची पुस्तके परत करायला आणि अनामत रक्कम मागायला गेली. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत तेव्हा संपली होती. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या, शिपाई पदावरच्या मावशींनी कार्ड पाहिले आणि विचारले, ‘काय गो, अनामत कशाला काढतेस? तिसऱ्या वर्षाची पुस्तकं नको?’ तिने नापास झाल्याचे सांगितले. मावशींनी गुणपत्रक मागून घेतले, चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, ‘एकच तर राहिलाय. माझ्या झिलाचे दोन राहिले होते, तरी वरच्या वर्गात बसला. तुला कोणी सांगितलं घरी बस म्हणून?’

तिला कोणीच तसे सांगितले नव्हते. त्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आले. पुस्तके टेबलावरच ठेवून मावशी तिला परीक्षा समितीच्या प्राध्यापिकेकडे घेऊन गेल्या. पुढचे सारे पाव तासात उरकले. लेखी परीक्षेचे ५१ गुण कायम राहतात आणि पुढे धरले जातात, केवळ अंतर्गत मूल्यमापन पुन्हा द्यायचे असते. एक विषय राहिला असताना तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मुदत टळली असली तरी विलंब शुल्क भरून आणि प्राचार्यांची परवानगी घेऊन नाव नोंदवता येते. हे प्राध्यापिकेने तिला एका कागदावर क्रमाने लिहून दिले. तिने दुसऱ्या दिवशी वडिलांना सोबत आणले. प्लास्टर निघाले होते, पण ते काठी टेकत चालत होते. फीचे पैसे त्यांनी जूनपासून बाजूला ठेवलेले होते.

अंतर्गत मूल्यमापन तिने पुढच्या सत्रात पूर्ण केले आणि विषय सुटला. तिसऱ्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत, ज्यांच्या परीक्षा विद्यापीठ घेते, ती पहिल्या फेरीतच उत्तीर्ण झाली.

काही विचार

हे प्रकरण काही सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांपैकी काहींचे मत असे पडले, की पदवीच्या वर्गातील विद्यार्थिनीने स्वतः विचारायला हवे होते, महाविद्यालय किती ठिकाणी बोट धरून नेणार? या मताचा मी आदराने विचार केला आहे, पण ते मला पटत नाही. प्रश्न विचारण्यासाठी आधी तो प्रश्न शिल्लक आहे हे कळावे लागते. ज्याच्या मनात गोष्ट संपली आहे, तो प्रश्न विचारत नाही, आणि म्हणून ‘काही अडचण असल्यास भेटावे’ अशी पाटी लावून बसणारी कोणतीही व्यवस्था अशा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे माहिती विद्यार्थ्याकडे चालत जावी लागते. गुणपत्रक हाती देताना, ज्याच्या गुणपत्रकावर अनुत्तीर्ण लिहिले आहे त्याला, त्याचा अर्थ काय आणि पुढची पायरी कोणती हे मराठीत लिहिलेला कागद सोबत देणे, यात खर्चाचे काही नाही.

नियम लिहिलेले असतातच, असेही उत्तर मिळते. ते असतात, विद्यापीठाच्या परिपत्रकांत आणि माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, इंग्रजीत. पण नियमाचा खरा उपयोग त्याभोवतीच्या तोंडी ज्ञानावर अवलंबून असतो. कोणते उत्तर अखेरचे मानायचे आणि कोणते घाईतले, ‘नाही’ ऐकल्यावर कोणाकडे जायचे, अर्जात कारण कसे मांडायचे, हे शिक्षकाच्या, कारकुनाच्या, वकिलाच्या घरातले मूल जेवताना ऐकत मोठे होते. शिष्यवृत्तीने फी भागते, एसटीच्या पासाने अंतर भागते. हे ज्ञान मात्र कोणत्याही योजनेत दिले जात नाही, कारण ज्यांच्याकडे ते आहे त्यांना ते ज्ञान आहे असे वाटतच नाही. या प्रकरणात ते आले, ते एका शिपाई बाईकडून, आणि तेही तिच्या स्वतःच्या मुलाचे दोन विषय राहिले होते म्हणून.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत आता चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला आहे. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि तीन वर्षांच्या आत परतही येता येते. आवश्यक क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, पूर्ण असले तरच हे होते. म्हणजे २०२३ मध्ये तिला तशी पदविका लगेच मिळाली नसती. पण तो मार्ग समोर असता, तर राहिलेला विषय सोडवून पदविका घ्यावी आणि थांबावे, असेच घराने ठरवले असते, यात तिला शंका नाही. बाहेर पडण्याची सन्मानाची वाट तिच्यासारख्या घरांना फार लवकर पसंत पडेल, ही तिची भीती मला रास्त वाटते. आधी शिकलेल्या घरातील मूल एक वर्ष थांबले, तर परत जाण्याचा तगादा घरातून लागतो. इथे तो लावणार कोण? परतीची सोय कागदावर आहे म्हणून तिचा वापर होईल, असे धरून चालता येणार नाही. तिचा धाकटा भाऊ २०२४ मध्ये याच नव्या पद्धतीत दाखल झाला आहे. मेजर, मायनर, खुले निवडक विषय, क्रेडिटचे खाते, हे सारे त्याला समजावून सांगणारी ती आहे, आणि त्याच्या कार्यालयात काही अडले तर ती लोट्याहून फोन करते.

स्वतःच्या त्या तीन वर्षांकडे पाहताना ती कृतज्ञतेबरोबर आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलते. बिकट परिस्थितीत शिकलेली मुलगी म्हणून तिचे कौतुक होते, ते तिला नकोसे वाटते. परिस्थितीशी झुंज तर तिची आई रोज देते, त्यात नवल काय, असे तिचे म्हणणे आहे. तिला बोचते ते हे, की जे तिला पाव तासात सांगता आले असते, त्यासाठी तिने जून आणि अर्धा जुलै मनाने सगळे सोडून देऊन काढला. पदवी मिळाल्यावर मंडळाने पुन्हा सत्कार करायचे म्हटले, तेव्हा तिने त्याऐवजी समारंभात दहा मिनिटे बोलू द्या, अशी विनंती केली. त्या दहा मिनिटांत तिने बारावी झालेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एटीकेटी म्हणजे काय, अंतर्गत गुण म्हणजे काय आणि प्राचार्यांच्या नावे अर्ज कसा लिहायचा, एवढेच सांगितले. कार्यक्रम संपल्यावर गावातल्या दोन आया तिच्याकडे आपल्या मुलांची गुणपत्रके घेऊन आल्या. त्यांपैकी एका मुलाने वर्षभरापूर्वी महाविद्यालय सोडले होते. त्याचाही एकच विषय राहिला होता.

महाविद्यालयाने तिच्या सांगण्यावरून दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना गुणपत्रकासोबत मराठीत एक पानाची सूचना दिली जाते, आणि गैरहजेरीच्या अर्जाबाबतच्या फलकावर आता ‘वैद्यकीय किंवा अन्य योग्य कारण’ असे लिहिले आहे. आंब्याचा हंगाम आणि भातकापणी यांच्या दिवसांत वर्गचाचण्या ठेवू नयेत, ही तिची तिसरी सूचना परीक्षा समितीपुढे आहे. सत्राच्या वेळापत्रकात ती बसवणे अवघड असल्याचे समितीचे म्हणणे आहे, आणि निदान पुनर्चाचणीची तारीख पहिल्या चाचणीसोबतच जाहीर व्हावी, असा पर्याय तिने लेखी दिला आहे.